इंडिकेटरखाली भेटू

हात पुरेनासे झाले तेव्हा कुठे मी चष्म्याच्या दुकानाची पायरी चढलो. तोवर पाच-सहा वर्षं निभावून नेलं होतं. औषधाच्या पट्टीवरची तारीख, पासावरची तारीख, लग्नपत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेला मुहूर्त, सगळं हळूहळू नाकापासून लांब सरकत गेलं आणि एक दिवस कोपर सरळ होऊन पुढे जागाच उरली नाही. लोकलमध्ये तर हात लांब करायचीही सोय नसते. समोरच्याच्या छातीला मोबाइल टेकवून वाचणार का? घरात यावर बरीच करमणूक झाली. "बाबा, सेल्फी स्टिक आणून देऊ का?" असं लेकीने विचारलं, त्याच शनिवारी मी गिरगावात गेलो.

डोंबिवलीत चष्म्याची दुकानं पायलीला पन्नास. पण चाळ सोडून पंचवीस वर्षं झाली तरी घड्याळाचा पट्टा, छत्रीची काडी आणि आता चष्मा असल्या कामांना पाय गिरगावाकडेच वळतात. दुकान वडिलांच्या ओळखीचं. आता नंबर मुलगा काढतो, मशीनवर. काका ऐंशीच्या घरात, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून असतात. मी खणातला वडिलांचा जुना चष्मा बरोबर नेला होता. म्हटलं, काच चालली तर चालली. (काटकसर म्हणा, चिकटपणा म्हणा.)

काकांनी चष्मा मागून घेतला. हात लांब करून एक काच समोर धरली, तिच्यातून पलीकडच्या कपाटाच्या उभ्या कडेकडे पाहिलं आणि काच हलकेच डावीकडे-उजवीकडे हलवली, सोनार अंगठी पारखतो तशी. मग लाकडी पेटीतून एक गोल भिंग उचललं, काचेला जोडून धरलं, पुन्हा हलवलं. ते ठेवून दुसरं घेतलं. "प्लस अडीच," म्हणाले. मुलाने मशीनवर लावून पाहिलं. अडीचच.

मी चकित झालेला बघून त्यांना बरं वाटलं असावं. त्यांनी काच माझ्या हातात दिली. "कपाटाची कड बघा. काच डावीकडे न्या. कड कुठे पळाली?"

"उजवीकडे."

"उलटं पळालं की प्लस. बरोबर आलं की मायनस. आता हे मायनस अडीच त्याला चिकटवा आणि हलवा." मी हलवली. कड जागची हलली नाही. "थांबली ना? एकाने दुसऱ्याला खाल्लं. म्हणजे झाला हिशेब पुरा. मशीन यायच्या आधी सगळी मुंबई आम्ही अशीच मोजली."

मग माझी काच तयार होईपर्यंत वेळ होता म्हणून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. वडिलांची काच आडवी धरून म्हणाले, "ही बघा, हिला पोट सुटलंय. प्लसची काच अशी. मायनसची मधे खपाटीला गेलेली असते. बोटांच्या चिमटीतच कळतं."

वाचायच्या चष्म्याला मराठीत चाळिशी म्हणतात, ही मला आपल्या भाषेतली एक खट्याळ जागा वाटत आली आहे. वयाचंच नाव वस्तूला. माझे आजोबा पंचाहत्तराव्या वर्षी "माझी चाळिशी कुठे ठेवली रे?" म्हणून घर डोक्यावर घेत. नाव ठेवणाऱ्याचं शरीरशास्त्र मात्र पक्कं होतं. डोळ्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर (चष्म्याचा नंबर याच मापात असतो). त्यातली ४० च्या वर पुढच्या पारदर्शक कॉर्नियाची, आणि ती बदलत नाही. जवळचं पाहायचं झालं की आतलं छोटं भिंग फुगतं आणि उरलेलं काम करतं. दहा वर्षांच्या मुलाला पुस्तक नाकापासून ७-८ सेंटिमीटरवर धरलं तरी स्पष्ट दिसतं, कारण त्याचं भिंग मऊ असतं. ते दरवर्षी थोडं घट्ट होत जातं. चाळिशी ओलांडली की त्याला पुरेसं फुगता येत नाही आणि मग जे पोट आतल्याला सुटत नाही ते बाहेर, नाकावर, काचेला लावून घ्यावं लागतं. माझी काच +२ ची निघाली. डायॉप्टर म्हणजे दुसरं काही नाही, १ ला मीटरमधल्या नाभीय अंतराने भागायचं. +२ म्हणजे दूरचा प्रकाश ५० सेंटिमीटरवर, नाभीपाशी, एकत्र येणार.

पण पोटच का? हा प्रश्न मला दुकानातून निघाल्यावर चर्नी रोडच्या पुलावर पडला आणि मग काही केल्या पाठ सोडीना. मी बी.एस्सी. झालो तो फिजिक्स घेऊन. पुढे आयुष्य बँकेत गेलं, ती गोष्ट वेगळी. भिंगाचं सूत्र मला अजून पाठ आहे. पण सूत्र पाठ असणं आणि काचेला पोट का हे सांगता येणं यात बरंच अंतर आहे, हे लेकीच्या दहावीच्या वर्षी कळलं होतं. ती मेणबत्तीची आकृती काढत होती: एक किरण अक्षाला समांतर, एक भिंगाच्या मधोमध, दोन्ही छेदतात तिथे उलटी मेणबत्ती. मी विचारलं, "बाकीचे किरण कुठे जातात?" तिने पट्टी खाली ठेवून माझ्याकडे दयेने पाहिलं. "बाबा, तीन मार्कांना दोनच किरण लागतात."

बाकीचे असंख्य किरण, भिंगाच्या प्रत्येक ठिकाणातून वेगवेगळ्या कोनात वळून, नेमके त्याच ठिकाणी कसे येतात? त्यांना कोणी सांगितलं?

मला जे उत्तर पटलं ते मुंबईकराला समजावून सांगावं लागत नाही, कारण तो रोज तेच जगतो. मुंबईत अंतर कोणी किलोमीटरमध्ये सांगत नाही. दादर किती लांब? फास्टने पन्नास मिनिटं. नकाशावर जवळ असलेलं ठिकाण इथे लांब असू शकतं आणि लांबचं जवळ. माझ्या घरापासून ठाकुर्ली स्टेशन जवळ आहे, पण तिथे फास्ट थांबत नाही, म्हणून मी उलट दिशेला रिक्षाने डोंबिवलीला जातो. रस्ता वाढतो, वेळ वाचतो. पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने, जो पोटापाण्यासाठी कोर्टकचेरीत होता, १६६२ मध्ये प्रकाशाबद्दल हेच म्हटलं: प्रकाश कमीत कमी अंतराचा रस्ता धरत नाही, कमीत कमी वेळाचा धरतो. काचेत प्रकाशाची चाल मंदावते, हवेतल्या सेकंदाला ३ लाख किलोमीटरवरून सुमारे २ लाखांवर येते. म्हणून तो काचेतला प्रवास जमेल तितका कमी आणि हवेतला जास्त करू पाहतो, आणि त्या हिशेबात सीमेवर वळतो. वळण्याचा नियम आपण स्नेलच्या नावाने शिकतो. तो १६२१ चा. पण बगदादच्या इब्न साहलने ९८४ च्या सुमारास, जाळणारी भिंगं आणि आरसे कसे घडवायचे हे लिहिताना, तो आकृतीत वापरलेला आहे. सहाशे वर्षं आधी. आमच्या पुस्तकात त्याचं नावही नव्हतं.

आता भिंगाची गोष्ट. कमीत कमी वेळाचा एकच रस्ता असेल तर सगळा प्रकाश त्याच रस्त्याने जाईल. बाकीच्यांना नाभीपर्यंत आणायचं असेल तर एकच युक्ती आहे: कोणताच रस्ता दुसऱ्यापेक्षा जलद राहू द्यायचा नाही. सगळ्यांना सारखाच वेळ लागला पाहिजे.

कॉलेजात असताना आमचा सहा जणांचा कंपू शिवाजी मंदिरला नाटकाला जायचा. एक बोरिवलीचा, एक कुर्ल्याचा, एक पनवेलहून दोन गाड्या बदलून येणारा, आणि एक थेट रानडे रोडला राहणारा. भेटायची जागा ठरलेली, दादरला पुलावर, गाड्यांच्या इंडिकेटरखाली. पनवेलवाला कधी उशिरा आला नाही. रानडे रोडवाला मात्र एक तर अर्धा तास आधी येऊन कंटाळून वडा खायला निघून जायचा, नाही तर "आलोच, इथेच तर आहे" म्हणत तिसऱ्या घंटेला पोचायचा. शेवटी आम्ही त्याच्या आईला मधे घातलं. तिने त्याला ठराविक वेळेपर्यंत घरात अडकवून ठेवायचं, दळण आणायला पाठवायचं, काहीही करायचं. तेव्हापासून सहाही जण एकदम भेटू लागलो.

भिंगाचं पोट म्हणजे ती आई. मधून जाणाऱ्या किरणाचा रस्ता सगळ्यांत सरळ आणि आखूड. त्याला सोडून दिलं तर तो आधी पोचणार. म्हणून त्याच्या वाट्याला सगळ्यांत जाड काच, म्हणजे सगळ्यांत जास्त रखडणं. कडेच्या किरणाला तिरकं जायचं असतं, लांब पडतं, म्हणून त्याला काच जवळजवळ माफ. भिंग प्रकाशाला गोळा करतं असं आपण म्हणतो. करतं ते हे: जवळच्याला थांबवून धरतं.

हे सुचल्यावर मी रात्री कागद घेऊन बसलो. माझी काच ४ सेंटिमीटर रुंद धरली. कड मध्यापासून २ सेंटिमीटरवर. कडेपासून ५० सेंटिमीटरवरच्या नाभीपर्यंतचा तिरका रस्ता पायथागोरसने काढला तर सरळ रस्त्यापेक्षा ०.४ मिलिमीटर जास्त भरतो. काचेतून १ मिलिमीटर जाताना प्रकाश हवेच्या तुलनेत अर्धा मिलिमीटर मागे पडतो. म्हणजे मधल्याला ०.४ मिलिमीटर मागे ठेवायचं तर मधे ०.८ मिलिमीटर काच जास्त हवी. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या, लेथचं वर्कशॉप चालवणाऱ्या शेजाऱ्याकडून व्हर्नियर कॅलिपर मागून आणला. मधे २.४, कडेला १.६. काच वाकडी असल्याने एखादी रेघ इकडेतिकडे झाली असेल, पण मला रात्री पेढे वाटावेसे वाटले. हा उशीर वेळात मोजायचा तर सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाहून किंचित जास्त होतो. एवढ्याशा उशिरावर मी वर्तमानपत्र वाचतो.

एकदम पोचण्याचा आग्रह कशासाठी, तर प्रकाश लाटेसारखा वागतो म्हणून. उंचवट्यावर उंचवटा पडला तर लाट वाढते, उंचवट्यावर खळगा पडला तर दोघंही जिरतात. नाभीपाशी सगळ्या लाटा पावलाला पाऊल जुळवून येतात म्हणून तिथे झगझगाट. तिथून जरा बाजूला सरका की कोणी आधी, कोणी नंतर, आणि आपापसात जिरून काळोख.

लहानपणी याच काकांच्या दुकानातून फुटक्या काचा मिळायच्या आणि आम्ही गॅलरीत कागद जाळायचो. (मुंग्याही. त्याबद्दल आता बोलण्यात अर्थ नाही.) तो जाळणारा ठिपका म्हणजे सूर्याचं चित्र आहे हे मात्र एकविसाव्या वर्षी कळलं. २४ ऑक्टोबर १९९५, दिवाळीतलं सूर्यग्रहण. खग्रास पट्टा राजस्थानपासून बंगालपर्यंत गेला, आपल्याकडे खंडग्रास. चाळीत निम्मी दारं बंद. मी वडिलांची चाळिशी लांबवून गॅलरीच्या भिंतीवर उन्हाचा ठिपका पाडला, नाभीय अंतर ४० सेंटिमीटर. ठिपका गोल आला नाही. मसुराच्या दाण्याएवढा, एका बाजूने कुरतडलेला. मग पाहिलं तर गॅलरीच्या लाकडी जाळीतून फरशीवर पडलेले सगळेच कवडसे कोरीचे झाले होते, शेकडो चंद्रकोरी, अंधूक पण मोठ्या. बारीक भोकालाही चित्र पाडता येतं, पण ते एका ठिकाणी एकाच दिशेचा प्रकाश जाऊ देऊन, बाकीचा नाकारून. म्हणून त्याचं चित्र फिकट. भिंग सगळ्यांना घेतं.

त्या ग्रहणाने मला वेड लावलं आणि मी दुर्बिणीचा आरसा घासायला घेतला. दारूखान्यात फुटणाऱ्या जहाजांच्या खिडक्यांच्या जाड गोल काचा मिळत. दोन आणल्या, ६ इंची. चाळीच्या गॅलरीत पाण्याचं पिंप पालथं घातलं, त्यावर एक काच घट्ट बसवली, वर कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी, त्यावर दुसरी काच. वरची पुढे-मागे रेटायची, दर काही रेट्यांनी हातात थोडी फिरवायची आणि आपण पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. बस, एवढंच. यात गंमत अशी की कोणताही साचा न लावता वरची काच मधे खोल होत जाते आणि खालचीला पोट येतं. वरचीचा मध्य खालचीच्या कडेवर घासला जातो, त्यामुळे. दोन आंधळ्या काचा एकमेकींना वळण लावतात. भुकटी ८० नंबरची, मग १२०, २२०, पुढे मैद्यासारखी बारीक. पहिल्या दिवशीचा खर्रखर्र आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला आणि तिथल्या आजींनी वरवंटा समजून "कसलं वाटण चाललंय एवढं?" म्हणून विचारलं.

खोली किती झाली हे बघायला काच पाण्याने भिजवायची. कोरडी असताना ती दुधी, ओली झाली की क्षणभर आरसा. तो क्षण साधून समोरच्या भिंतीवर सूर्याचा गोळा पाडायचा आणि तो सर्वांत लहान दिसतो तिथपर्यंत टेप धरायची. मला १२० सेंटिमीटर हवे होते. त्यासाठी मधे खोली लागते फक्त १.२ मिलिमीटर. दोन महिने घासून एक चमचाभर काच कमी होते.

आरशाचं गणितही तेच, सगळ्यांनी एकदम पोचायचं. फक्त इथे थांबवायला काच नाही, रस्त्याची लांबीच जुळवावी लागते, आणि दूरच्या ताऱ्याच्या प्रकाशासाठी ती बिनचूक जुळते ती एकाच वळणात: पॅराबोला. घासून जे आपोआप येतं ते गोलाचं वळण. माझ्या आरशात या दोन वळणांचा फरक कडेपाशी ०.३ मायक्रॉनच्या आसपास होता, हिरव्या प्रकाशाच्या एका लाटेच्या निम्म्याएवढा. शेवटचे आठ दिवस मी डांबरी राळेच्या गादीवर, केशरी पूड लावून, तेवढ्यासाठी हात फिरवत होतो. तपासणी फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाची, १८५० च्या दशकातली, आणि सामान काय, तर एक झाकलेला दिवा, त्याला बारीक छिद्र, आणि दाढीचं ब्लेड. परत येणारा प्रकाश जिथे एकवटतो तिथे ब्लेडची धार आडवी सरकवायची आणि तिला डोळा लावून आरसा बघायचा. सगळा प्रकाश एका जागी येत असेल तर आरसा सगळीकडून एकदम काळवंडतो. नसेल तर त्यावर डोंगर-दऱ्या दिसतात, पौर्णिमेच्या रात्री वाळवंट दिसावं तसं. मला एका जाणत्याने सांगितलं होतं की अंगठा टेकवून बघ. टेकवला, दहा मोजले, काढला. काचेवर टेकडी उभी होती. अंगठ्याच्या उबेने फुगलेली काच, काही लाखांश मिलिमीटर. चहा पिऊन येईपर्यंत ती विरून गेली. शनीची कडी मी पुढे पाहिली, पण ती टेकडी मला जास्त आठवते.

आरशावर ॲल्युमिनियमचा मुलामा चढवून आणला त्या रविवारी सकाळी मी तो कौतुकाने टेबलावर पुस्तकांना टेकवून उभा केला, खिडकीकडे तोंड करून, आणि अंघोळीला गेलो. आमची खोली १० बाय १२. टेबल खिडकीपासून ४ फुटांवर. नाभीय अंतर किती ते वर सांगितलंच आहे. खिडकीच्या चौकटीशेजारी कालनिर्णय लटकत होतं. मी मोरीतून बाहेर आलो तो धुराच्या वासाने. सूर्याचं ११ मिलिमीटरचं चित्र, उन्हाच्या दीडशेपट तापट, कॅलेंडरवर एका शनिवारी पडलं होतं आणि तिथून सूर्य चढेल तसं सरकत, मिनिटाला ५ मिलिमीटर, मागे करपलेली रेघ सोडत चतुर्थीच्या दिशेने निघालं होतं. आईने आधी आरशावर टॉवेल टाकला, मग माझ्याकडे पाहिलं. वर्ष संपेपर्यंत ते कॅलेंडर तिने मुद्दाम तिथेच ठेवलं.

खूप वर्षांनी कळलं की माझ्या अपघाताचं रीतसर यंत्र आहे. धातूच्या कमानीत एक भरीव काचेचा गोळा, साधारण मोसंब्याएवढा, आणि त्यामागे वळवलेली पुठ्ठ्याची पट्टी. ऊन असेल तेवढा वेळ गोळा पट्टीवर रेघ जाळत जातो, ढग आला की रेघ तुटते. कॅम्पबेलने १८५३ मध्ये काढलं, स्टोक्सने १८७९ मध्ये सुधारलं. हवामान खात्याच्या वेधशाळांनी वर्षानुवर्षं ऊन असंच मोजलं, रोज नवी पट्टी. मुंबईतल्या जुलैच्या पट्ट्या कशा दिसत असतील याचा मी विचार करतो. कोऱ्या, एकीवर कुठे दुपारी दोनला एक तांबूस ठिपका.

दुर्बीण गच्चीवर लावली की अर्धी चाळ रांगेत उभी राहायची. एकदा चंद्र बघताना खालच्या मजल्यावरच्या पोराने नळीच्या तोंडात हात घातला आणि मी ओरडणार तेवढ्यात वाकून बघणाऱ्या त्याच्या मामांना विचारलं, "हात दिसतो का?" दिसत नव्हता. चंद्र अर्धाही झाला नव्हता, नुसता मंद झाला होता. भिंग किंवा आरसा अर्धा झाकला तर चित्र अर्धं होईल असं भल्याभल्यांना वाटतं. पण आरशाच्या प्रत्येक तुकड्यात अख्खा चंद्र असतो. झाकलेल्या भागातून येणारे आले नाहीत, एवढंच. इंडिकेटरखाली जमलेले बाकीचे तिथेच.

वळणाचा इतका काटेकोरपणा सगळीकडे लागतो असं नाही. फ्रेनेलने १८२० च्या दशकात दीपगृहासाठी भिंगाचं पोटच कापून टाकलं, नुसत्या पृष्ठभागाच्या उतारांच्या कड्या ठेवल्या, आणि मणभर काच वाचली. कुलाब्यापुढच्या खडकांवरचं प्राँग्ज दीपगृह १८७५ चं. असल्या दिव्याला झोत हवा असतो, चित्र काढायचं नसतं, तेव्हा पावलाला पाऊल जुळलं नाही तरी चालतं. आणि नारायणगावजवळ खोडदला जाऊन ती रेडिओ दुर्बीण बघा. ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या, आणि आरसा म्हणाल तर चक्क तारेची जाळी, जिच्यातून पलीकडचं आभाळ दिसतं. तिथे येणाऱ्या लाटा वीतभरापासून पुरुषभर लांबीच्या. त्यांना सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची भोकं जाणवतही नाहीत. मी त्या जाळीखाली उभा राहून माझे आठ दिवस आणि केशरी पूड आठवली आणि हसू आलं.

गेल्या पावसाळ्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. फायलीत एक चिठ्ठी चिकटवलेली होती, आत बसवलेल्या भिंगाची: +२१. डोळ्यात प्लास्टिकचं भिंग बसवायची कल्पना हॅरॉल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरची. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे ॲक्रिलिकचे, कण घुसत आणि डोळा ते निमूट सहन करी, हे त्याने पाहिलं होतं. त्यावरून १९४९ मध्ये त्याने पहिलं भिंग बसवलं. मी हे सगळं आईला सांगितलं. तिने विचारलं, "मग मला आता सुई ओवता येईल का?" नाही येणार. ते भिंग फुगत नाही. लांबचं लख्ख, जवळच्याला चाळिशी आहेच.

महिन्याने तपासणी करून आम्ही दादरला आलो. तिला गर्दीत घालायचं नव्हतं म्हणून पुलावर बाजूला उभे राहिलो. मी खिशात चष्मा चाचपत होतो, मोबाइलवर गाडी बघायला. ती मान वर करून बघत होती.

"लागलीय," आई म्हणाली. "कल्याण फास्ट. तीन मिनिटं आहेत, चल."

आणि नाकावरून घसरलेला, आता नसलेला, चष्मा तिने बोटाने वर सरकवला.